नाकावरचे ठिपके: आत काय असतं आणि घरातलं काय तिथवर पोचतं

अकरावीला प्राण्यांच्या ऊती शिकवताना मी त्वचेची तयार काचपट्टी दाखवते. एका वर्षी एक मुलगी कागदाच्या पुडीत काहीतरी जपून घेऊन आली. आदल्या दिवशी पार्लरमध्ये नाकावरून काढलेला ब्लॅकहेड होता. "मॅडम, हा सूक्ष्मदर्शकाखाली बघता येईल?" काचपट्टीवर पाण्याचा थेंब टाकला, त्यात तो ठेवला, वर पातळ काच ठेवली आणि शंभर पट मोठा करून पाहिला.

नुसत्या डोळ्यांना खसखशीच्या दाण्याएवढी दिसणारी ती गोष्ट भिंगाखाली गाजरासारखी निमुळती निघाली. वरची जेमतेम टोपी काळी होती. खालचं सगळं अंग पिवळट, मेणचट. कडेने पापुद्रे सुटलेले, कांद्याच्या सालीसारखे एकावर एक चिकटलेले, आणि मधोमध दोन बारीक केस अडकलेले. "पण यात घाण कुठंय?" मागून कुणीतरी विचारलं. घाण नव्हतीच. रोज आरशासमोर उभं राहून नाक घासणाऱ्या प्रत्येकाने ती काचपट्टी एकदा पाहावी असं मला फार वाटतं. ते शक्य नाही, म्हणून हे लिहिते आहे.

रोमछिद्र या शब्दामुळे आपल्याला वाटतं, चेहऱ्यावर सुईने टोचल्यासारखी भोकं आहेत आणि त्यात बाहेरची धूळ जाऊन बसते. खरं तर प्रत्येक छिद्र हे एका नळीचं तोंड असतं. नळीच्या तळाशी केसाचं मूळ आणि तिच्या कुशीला तेल बनवणारी ग्रंथी. चेहऱ्यावर आणि डोक्यावर एका चौरस सेंटिमीटरमध्ये ४०० ते ९०० अशा तेलग्रंथी असतात. तळहाताला आणि तळपायाला एकही नसते. शेतात दिवसभर मातीत राबलेल्या तळहातावर कधी ब्लॅकहेड येत नाही, तो याचमुळे.

नळीची आतली भिंतही त्वचेचीच असते. तिच्यावरच्या जुन्या पेशी सतत झडतात आणि तेलाबरोबर वाहून बाहेर येतात. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकं वाढली की तेल जास्त सुटायला लागतं, आणि झडलेल्या पेशी सुट्या न राहता एकमेकींना चिकटतात. तेल आणि पेशी मिळून बूच तयार होतं. नळीचं तोंड बंद असेल तर वरून पांढरा उंचवटा दिसतो, तो व्हाइटहेड. तोंड उघडं असेल तर बुचाच्या टोकाला हवा लागते आणि तिथलं मेलॅनिन (त्वचेला रंग देणारं द्रव्य) आणि तेल काळं पडतं, चिरून ठेवलेलं वांगं काळं पडतं तसं. काचपट्टीवर फक्त टोपीच काळी होती, त्याचं कारण हे.

म्हणजे तुंबलंय ते आत, आणि ते आपल्याच शरीराने बनवलेलं आहे. वरून खसाखसा घासणं म्हणजे मोरी तुंबली असताना फरशी घासत बसण्यासारखं.

आता आरशाजवळ जाऊन नीट बघा. नाकावर सगळीकडे सारख्या अंतरावर, सारख्या आकाराचे, करडे-पिवळट ठिपके आहेत का? हाताला सपाट लागतात, आणि दाबले तर शेवयीसारखा बारीक धागा बाहेर येतो? तर ते ब्लॅकहेड नाहीत. तेल बाहेर यायची ती वाटच आहे, प्रत्येक माणसाच्या नाकावर असते. काढली की साधारण महिनाभरात पुन्हा भरते, कारण भरणं हेच तिचं काम आहे. नाकावर चिकटवून ओढायच्या पट्ट्यांवर जे काटेकाटे दिसतात आणि बघून समाधान वाटतं, त्यातले बरेचसे हेच असतात. खरा ब्लॅकहेड एकटादुकटा, जास्त गडद आणि हाताला किंचित टणक लागतो. हा फरक कळला तरी निम्म्या मुलींचा जीव भांड्यात पडतो. ज्यावर उपाय शोधत त्या वर्ष वर्ष घालवतात, तो आजारच नसतो.

वाफेबद्दल दोन शब्द. "वाफेने छिद्रं उघडतात आणि गार पाण्याने मिटतात" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे. छिद्राला उघडझाप करणारा स्नायूच नसतो. केसाच्या मुळाशी जो स्नायू असतो तो काटा आणतो, दार लावत नाही. वाफेने काय होतं? थिजलेलं तूप ऊन जागी ठेवलं की सैल होतं, तसं आतलं तेल थोडं मऊ पडतं आणि वरच्या मृत पेशी ओलावतात. उपयोग आहे, पण तेवढाच. त्यासाठी टोपातल्या उकळत्या पाण्यावर टॉवेल पांघरून बसायची गरज नाही. टोप कलंडून भाजल्याच्या घटना घरोघरी घडतात, आणि चेहऱ्यावरची नाजूक त्वचा वाफेनेही पोळते. मऊ सुती पंचा गरम पाण्यात बुडवून पिळायचा, मनगटाला लावून बघायचा आणि सोसवेल असा दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर ठेवायचा. काम तेच होतं.

घरगुती उपायांत मला मनापासून आदर आहे तो उटण्याच्या पद्धतीबद्दल. नरक चतुर्दशीच्या पहाटे आजी काय करायची ते आठवा. आधी कोमट तेल अंगभर जिरवायची. मग उटणं. डाळीचं किंवा मसुराचं पीठ, आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, संत्र्याची वाळवलेली साल. हे दुधात नाहीतर पाण्यात कालवून तेलावरच चोळायची आणि मग कढत पाण्याची आंघोळ. यात खरी अक्कल आहे ती क्रमात. तेल तेलात विरघळतं, पाण्यात विरघळत नाही. आधी लावलेलं तेल त्वचेवरच्या थिजलेल्या तेलाला सैल करतं, आणि नंतरचं पीठ ते सगळं शोषून घेऊन उतरवतं. हल्ली महागड्या क्लिन्झिंग ऑइलवर "आधी तेल, मग फेसवॉश" अशी कृती छापलेली असते, ती आपल्याकडे दर दिवाळीला होते.

पुडीतल्या त्या ब्लॅकहेडचे आम्ही नंतर दोन तुकडे केले होते. एका तुकड्यावर लिंबाचा रस, दुसऱ्यावर कोमट केलेलं तेल. पंधरा मिनिटांनी लिंबातला तुकडा होता तसाच होता. तेलातल्या तुकड्याच्या कडा सैल झाल्या होत्या, पापुद्रे मात्र तसेच. वर्गात केलेला प्रयोग तो, त्यावरून सिद्धांत मांडता येत नाही. पण मुलांच्या डोळ्यांसमोर एक गोष्ट स्पष्ट झाली: तेल तेलाला हलवतं, पापुद्र्यांना हलवायला दुसरं काहीतरी लागतं.

फक्त चेहऱ्यासाठी हीच पद्धत वापरायची तर दोन बदल करा. एक, तेल कुठलं घ्यायचं. खोबरेल तेल केसांना उत्तम, पण मुरमांचा स्वभाव असलेल्या चेहऱ्याला नको. त्यातलं निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं आणि तेलकट त्वचेत ते बूच बनायला मदत करतं असं मानलं जातं. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे पिकणाऱ्या आपल्या नेहमीच्या करडईच्या तेलात ७० टक्क्यांच्या वर लिनोलेइक आम्ल असतं, आणि मुरुम येणाऱ्यांच्या त्वचेतल्या तेलात हेच आम्ल कमी आढळतं. करडईचं तेल हलकंही असतं. चार थेंब, एक मिनिट बोटांच्या पेरांनी, दाब न देता. दुसरा बदल, पिठाने चोळायचं नाही. पीठ वस्त्रगाळ असावं, पातळ कालवावं, लावावं आणि धुऊन टाकावं. तेलाचा अंश राहिला तर सौम्य फेसवॉशने धुवा. तेल रात्रभर चेहऱ्यावर ठेवू नका. आठवड्यातून एकदा बास.

तेलांच्या बाबतीत "हे छिद्रं बुजवतं, ते बुजवत नाही" अशा शून्य ते पाच गुणांच्या याद्या फिरत असतात. त्यातला बराचसा भाग सशाच्या कानाच्या आतल्या त्वचेवर पदार्थ लावून ठरवलेला आहे. ती त्वचा माणसाच्या चेहऱ्यापेक्षा खूप लवकर बुजते. त्यामुळे यादीत तेलाला चार गुण आहेत म्हणून घाबरून जायचं नाही, आणि बाटलीवर नॉन-कॉमेडोजेनिक, म्हणजे छिद्रं न बुजवणारं, असं लिहिलंय म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही. आपल्या कपाळाची साक्ष जास्त खरी. केसांना भरपूर तेल लावून दोन वेण्या घालणाऱ्या मुलींच्या कपाळावर, नेमकं केसांच्या रेषेपाशी, बारीक पुरळ मी कितीदा पाहिलंय. १९७० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी केसांना लावायच्या पोमेडमुळे येणाऱ्या अशाच मुरमांचं वर्णन करून त्याला पोमेड ॲक्ने हे नाव दिलं. तेल सोडायला नको. न्हाण्याआधी तासभर लावा, कपाळ पुसून घ्या, उशीचा अभ्रा आठवड्याला बदला.

मुलतानी माती हा दुसरा उपाय माझ्या पसंतीचा. नाव मुलतानवरून पडलं असलं तरी आपल्याकडची बरीचशी राजस्थानातून, बारमेर-बिकानेर भागातून येते. या मातीचे कण इतके सूक्ष्म आणि पापुद्र्यापापुद्र्यांचे असतात की तेल त्यांना धरून राहतं. कापड उद्योगात लोकरीतलं तेल काढायला पूर्वी अशीच माती वापरायचे. चेहऱ्यावरचं जादा तेल ती खरंच उतरवते, दिवसभर चकाकी कमी राहते. पण लोक ती तडे जाईपर्यंत ठेवतात, तोंड हलवलं की खपल्या पडाव्यात इतकी, आणि ताणलेली त्वचा म्हणजे गुण आला असं समजतात. माती कडेने फिकट व्हायला लागली, मध्ये अजून ओलसर आहे, तेव्हाच धुवायची. साधारण आठ-दहा मिनिटं. गुलाबपाण्यात कालवा किंवा साध्या पाण्यात, फरक पडत नाही. कोरडी त्वचा असेल तर वाटेलाच जाऊ नका.

आता लिंबू. इथे मला जरा थांबायचंय, कारण घरगुती उपायांतलं सगळ्यात जास्त नुकसान मी लिंबामुळे झालेलं पाहिलंय.

पीएच हे आम्लता मोजायचं माप, अंक जितका लहान तितकं आम्ल तीव्र. निरोगी त्वचेचा पीएच साधारण ४.५ ते ५.५ असतो. लिंबाच्या रसाचा २ ते २.५. पीएचच्या मापात एक अंक म्हणजे दहापट, त्यामुळे लिंबाचा रस त्वचेपेक्षा काही शे पट आम्लधर्मी असतो. चरचरतं तेव्हा "काम करतंय" असं वाटतं, पण ते त्वचेचं संरक्षक आवरण दुखावल्याचं लक्षण आहे. आणि इतकं सोसूनही बूच जागचं हलत नाही, हे आम्ही काचपट्टीवर पाहिलंच.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. आपलं कागदी लिंबू हे परदेशी पाककृतींतलं मोठं पिवळं लेमन नव्हे, ते लाइमच्या जातीचं आहे. त्याच्या सालीत, आणि थोड्या प्रमाणात रसात, फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना उन्हाची अतिनील किरणं पडली की त्वचा भाजल्यासारखी होते. लगेच काही दिसत नाही. एक-दोन दिवसांनी लाली येते, कधी फोड येतात, आणि नंतर तपकिरी-काळे चट्टे उमटतात ते आठवडे, कधी महिने जात नाहीत. बहिणीच्या लग्नाआधी चार दिवस लिंबाची फोड साखरेत बुडवून नाकागालांवर चोळलेली एक विद्यार्थिनी होती. मे महिना, पत्रिका वाटायला दुपारभर स्कूटीवर. लग्नाच्या फोटोंत तिने गाल पदराने झाकलेले आहेत. नाकावरचे ठिपके होते तिथेच होते.

सावळ्या आणि गव्हाळ त्वचेला ही गोष्ट जास्त जड जाते. आपल्या त्वचेतल्या रंगपेशी जखमेला, भाजण्याला, नुसत्या घासण्यालाही जास्त रंग बनवून उत्तर देतात. ब्लॅकहेड आज ना उद्या निघतो, पण तो काढताना केलेल्या मारामारीचा डाग सहा-सहा महिने राहतो. कुठलाही घरगुती उपाय करण्याआधी मी हाच एक प्रश्न विचारते: यात लाली येण्याची शक्यता किती? ठिपका घालवण्यापेक्षा लाली टाळणं आपल्यासाठी महत्त्वाचं आहे.

याच कारणासाठी बाकीचे काही उपाय झटपट बाजूला सारते. खाण्याचा सोडा त्वचेला उलट्या बाजूने, अल्कधर्माने, दुखावतो. टूथपेस्ट दातांसाठी आहे, चेहऱ्यावर ती चुरचुरते आणि सालपटं काढते. साखर, रवा, अक्रोडाच्या सालीचा भुगा यांनी घासलं तर वरचा थर ओरखडतो आणि असलेली पुटकुळी चिघळते. कोळशाची पूड डिंकात किंवा गोंदात मिसळून लावायची आणि ओढून काढायची, यात त्वचेचा वरचा पापुद्रा आणि लव दोन्ही उपटली जाते. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग ताणल्यासारखा वाटतो, वाळतो, धुतला जातो. वर जंतुसंसर्गाची जोखीम. मध निरुपद्रवी आहे, मऊपणा येतो, पण बूच निघत नाही.

दह्याबद्दल मात्र नीट सांगायला हवं, कारण त्यामागचा विचार चुकीचा नाही. दह्यात लॅक्टिक आम्ल असतं आणि लॅक्टिक आम्ल मृत पेशींमधला चिकटपणा सैल करतं हे खरं आहे. पण दह्यात ते एक टक्क्याच्या आसपास असतं, आणि दह्याच्या पीएचला त्यातला थोडाच भाग त्वचेत शिरू शकेल अशा रूपात असतो. औषधी लोशनांत हेच आम्ल ५ ते १० टक्के, पीएच सांभाळून घातलेलं असतं. म्हणून दह्याने त्वचा मऊ लागते, पण नळीच्या आतपर्यंत काही पोचत नाही. लावायचं तर लावा, अपेक्षा तेवढीच ठेवा.

मग पापुद्र्यांना सैल करणारं ते "दुसरं काहीतरी" कोणतं? सॅलिसिलिक ॲसिड. तेलात विरघळतं, त्यामुळे तेलाने भरलेल्या नळीत शिरू शकतं, आणि आत चिकटून बसलेल्या पेशी सुट्या करतं. ०.५ ते २ टक्के या प्रमाणात फेसवॉश किंवा जेलमध्ये मिळतं, फार महाग नसतं. आठवड्यातून दोन रात्रींनी सुरुवात करा, सोसलं तर वाढवा. ॲस्पिरिनच्या गोळ्या कुटून लेप लावायची टूम मधूनच येते, ती करू नका. ॲस्पिरिन आणि सॅलिसिलिक ॲसिड ही सारखी नव्हेत, कुटलेल्या गोळीत प्रमाण कळत नाही, आणि कुणाला ॲस्पिरिनची ॲलर्जी असू शकते.

त्यापुढचं, चेहऱ्यावर लावायचं औषध ॲडापलीन. त्याने नळीची भिंतच नीट वागायला लागते, बूच बनण्याआधीच थांबतं. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने लावायचं. गरोदरपणात किंवा बाळाचा विचार चालू असताना नाही.

रोजचं म्हणाल तर फार थोडं करायचंय. दिवसातून दोनदा तोंड धुवायचं, घामाने थबथबलात तर आणखी एकदा. अंगाच्या साबणाचा पीएच नऊ-दहा असतो, आणि बोअरच्या जड पाण्यात त्याचा चिकट साका चेहऱ्यावर राहतो; सौम्य फेसवॉश बरा. तेलकट त्वचेलाही हलकं मॉइश्चरायझर लागतं. सकाळी सनस्क्रीन. आणि धीर. त्वचेचा थर बदलायला तरुणपणीही चार आठवडे लागतात, आणि आज वर दिसणारं बूच आत कित्येक आठवड्यांपूर्वी बनायला लागलेलं असतं. कुठल्याही उपायाला सहा ते आठ आठवडे द्या, आणि त्या काळात दुसरं काही नवीन लावू नका. मुली सोमवारी मुलतानी माती, बुधवारी टोमॅटो, शुक्रवारी कोरफड असं करतात. मग त्रास झाला तर कशाने आणि गुण आला तर कशाने, काहीच कळत नाही. नवीन गोष्ट आधी कानामागे किंवा जबड्याखाली दोन-तीन दिवस लावून बघा. नखांनी पिळू नका, नाकाच्या आजूबाजूला तर मुळीच नाही. तिथल्या शिरांचा संबंध कवटीच्या आतल्या शिरांशी आहे, आणि क्वचित का होईना, तिथला संसर्ग आत जाऊ शकतो.

एक कळकळीची सूचना. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून आणलेल्या, आठ दिवसांत चेहरा उजळ आणि नितळ करणाऱ्या क्रीमच्या ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव आहे का, ते वाचा. ही स्टिरॉइड्स आहेत. सुरुवातीला जादू झाल्यासारखं वाटतं, मग चेहरा लाल होतो, त्वचा पातळ पडते, पुरळ उठतं, आणि क्रीम थांबवलं की आगडोंब. २०१८ मध्ये सरकारने अशा बऱ्याच क्रीम्स चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी त्या हातोहात फिरतात. सापडली आणि बरेच दिवस लावत असाल, तर एकदम बंद करू नका, आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

डॉक्टरांकडे आणखी केव्हा जायचं? गाठीसारखे दुखरे मुरुम येत असतील किंवा खड्डे पडायला लागले असतील तर. कपाळावर आणि पाठीवर एकसारखे बारीक पुरळ, त्याला खाज, आणि पावसाळी दमटपणात ते वाढत असेल, तर ते बुरशीमुळेही असू शकतं. त्यावर तेल लावलं तर वाढतं. पाळी अनियमित, हनुवटीवर जाड केस आणि जबड्याच्या कडेने मुरुम असं एकत्र दिसलं, तर संप्रेरकांची तपासणी लागते, तिथे कुठलाही लेप पुरा पडणार नाही. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, डब्या आणि पुड्या एका पिशवीत घालून घेऊन जा. तोंडाने सांगताना लाजेने काहीतरी राहून जातं. आणि त्या दिवशी चेहऱ्यावर पावडर लावू नका.